टेस्टवरून प्रॉडक्शनवर रेकॉर्ड नेताना 'डुप्लिकेट की' : नेमकं कुठे बघायचं?

कोयनाकाठ

दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस आहे, पोस्टग्रेस १५. नवी ६ केंद्रं, त्यांचे सुमारे ९०० उत्पादक आणि त्या केंद्रांचं दरपत्रक टेस्टवर भरून, तपासून तयार आहे. आता तेवढेच रेकॉर्ड प्रॉडक्शनवर (रोजच्या वापरातल्या डेटाबेसवर) न्यायचे आहेत. प्रॉडक्शनवर जुन्या केंद्रांचं सकाळ-संध्याकाळ संकलन चालू असतं, त्यामुळे टेबल रिकामं करून पुन्हा भरण्याचा पर्याय नाही. टेस्टचा डेटाबेस काही महिन्यांपूर्वीच्या प्रॉडक्शनची प्रत आहे.

सीएसव्ही काढून \कॉपी (फाइलमधून टेबल भरणारी कमांड) चालवली. 'केंद्र' टेबल विनातक्रार गेलं, आयडी ३११ ते ३१६. 'उत्पादक'ला हे आलं:

एरर: डुप्लिकेट की व्हॅल्यू व्हायोलेट्स युनिक कन्स्ट्रेंट "उत्पादक_पीकी"
डिटेल: की (आयडी)=(५०१२) ऑलरेडी एक्झिस्ट्स.

शिवाय केंद्रं गेल्यापासून ॲपच्या स्क्रीनवरून नवं केंद्र जोडायला गेलं की तिथेही हीच एरर येते, आणि सेव्ह पुन्हापुन्हा दाबलं तर कधीतरी रेकॉर्ड जातो. दोन्हींचं कारण एकच आहे का? 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' लावून मोकळं व्हा, असा सल्ला मिळाला आहे. लावावं का?

---

रात्रपाळी

कारणं दोन वेगळी आहेत. एरर कोड दोन्हींचा एकच असतो, २३५०५, म्हणून ती एकसारखी वाटतात.

आधी सोपं, केंद्राचं. तुम्ही फाइलमधून आयडीसकट रो घातल्या. आयडी हातात दिलेला असला की पोस्टग्रेस सिक्वेन्सकडे (पुढचा आयडी वाटणाऱ्या काउंटरकडे) बघतही नाही. टेबलात ३१६ पर्यंत आकडे गेले, सिक्वेन्स मात्र ३१० वरच उभा आहे. ॲपने नवं केंद्र घातलं की सिक्वेन्स ३११ देतो, तो आकडा टेबलात आहे, एरर. ट्रॅन्झॅक्शन रोलबॅक (रद्द) झालं तरी सिक्वेन्स मागे येत नाही, म्हणून पुढच्या वेळी ३१२, मग ३१३. सहा वेळा आपटून सातव्याला ३१७ मिळतो आणि रेकॉर्ड जातो. 'आपोआप बरं झालं' असं वाटतं ते यामुळे. ६ ऐवजी ६,००० रो असत्या तर दिवसभर फोन खणखणत राहिले असते.

उपाय एका ओळीचा:

सिलेक्ट सेटव्हॅल(पीजी_गेट_सिरियल_सिक्वेन्स('केंद्र','आयडी'), (सिलेक्ट मॅक्स(आयडी) फ्रॉम केंद्र));

चालू डेटाबेसवर हे करताना एक जपायचं. कुणी सिक्वेन्समधून आकडा घेतलाय पण कमिट केलेलं नाही, अशा क्षणी मॅक्स कमी दिसतो आणि सेटव्हॅल सिक्वेन्सला मागे ओढतो. म्हणून नुसता मॅक्स न देता मॅक्स आणि सिक्वेन्सची लास्ट_व्हॅल्यू यातला मोठा आकडा 'ग्रेटेस्ट'ने काढून द्या.

५०१२ चं दुखणं याहून गंभीर आहे. त्यावर सेटव्हॅल चालणार नाही.

---

सुपारी

डू नथिंग लावायला काय हरकत आहे? जे आहे ते राहील, जे नाही ते जाईल. पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून ही सोय त्यासाठीच तर दिली आहे. उगाच कशाला गुंता.

---

वैनगंगा

सुपारी, इथे पूर्ण हरकत आहे, आणि ती पैशाची आहे.

टेस्ट ही जुनी प्रत आहे. प्रत काढली तेव्हा दोन्हीकडे उत्पादकांचा शेवटचा आयडी समजा ५०११ होता. त्यानंतर टेस्टवर ५०१२ नंबर मिळाला नव्या केंद्रातल्या एका बाईंना. त्याच काळात प्रॉडक्शनवर ५०१२ मिळाला जुन्या केंद्रातल्या वेगळ्याच माणसाला. आकडा एक, माणसं दोन. डू नथिंग लावलं की बाईंची रो गुपचूप गाळली जाते. मग त्यांचं बँक खातं, त्यांच्या कपाती असं उत्पादक_आयडी ५०१२ लावलेलं जे जे मागून येईल ते त्या दुसऱ्या माणसाला चिकटतं. फॉरेन की (मूळ टेबलात तो आयडी आहे ना, एवढंच बघणारी अट) तक्रार करत नाही, कारण ५०१२ अस्तित्वात आहे. एका घरच्या दुधाचा पैसा दुसऱ्याच्या खात्यावर जाईल आणि लॉगमध्ये एक ओळही दिसणार नाही.

'डू अपडेट' तर याहून वाईट. तिथे जुन्या माणसाचं नाव आणि खातंच पुसलं जाईल.

म्हणून पहिलं काम: दोन्ही बाजूंच्या ५०१२ शेजारी शेजारी ठेवून वाचा. फाइल सरळ खऱ्या टेबलात न ओतता आधी तात्पुरत्या टेबलात घ्या:

क्रिएट टेंप टेबल आवक (लाइक उत्पादक);
\कॉपी आवक फ्रॉम 'उत्पादक.सीएसव्ही' सीएसव्ही हेडर
सिलेक्ट आ.आयडी, आ.नाव, उ.नाव, आ.केंद्र_आयडी, उ.केंद्र_आयडी फ्रॉम आवक आ जॉइन उत्पादक उ युझिंग (आयडी);

'लाइक'ने इंडेक्स येत नाहीत, त्यामुळे भरताना अडणार नाही. निकालात नावं वेगळी दिसली तर नंबर बदलावे लागतील. नावं तीच असतील तर तो रेकॉर्ड आधीच गेलेला आहे, बहुधा अर्धवट चाललेल्या आधीच्या स्क्रिप्टने. कुठलीही कमांड लावण्याआधी हा निवाडा झालाच पाहिजे.

---

टेबलफॅन

वैनगंगाताईंशी १००% सहमत. एक भर: 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' असं मोघम लिहिलं तर ते टेबलावरच्या प्रत्येक युनिक कन्स्ट्रेंटला लागू होतं. आयडीसाठी लावलेलं मोबाइल नंबराची टक्करही गिळून टाकतं. लावायचंच असेल तर 'ऑन कॉन्फ्लिक्ट (आयडी)' असं कॉलमचं नाव घालून लावा, आणि किती रो आल्या, किती गेल्या हे आकडे मोजून ताडून पाहा.

---

सुपारी

पटलं. माझ्या डोक्यात जिल्हा-तालुक्याच्या याद्या होत्या. तिथे आयडी सगळीकडे तेच असतात, म्हणून तिथे चालतं.

---

वैनगंगा

हो, ज्या टेबलांचे आयडी एकाच ठिकाणी ठरतात आणि सगळीकडे तसेच जातात तिथे ते अगदी योग्य आहे. दोन ठिकाणी स्वतंत्रपणे आकडे वाटले जात असतील तर नाही.

---

मोडीवाचक

मग नंबर बदलायचे कसे, ते सविस्तर. जुना-नवा अशी जोड्यांची टेबलं करायची, आणि सगळं पीएसक्यूएलच्या (पोस्टग्रेसच्या कमांड-लाइनच्या) एकाच सेशनमध्ये, एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये करायचं. टेंप टेबलं सेशन संपलं की जातात.

केंद्रांच्या जोड्या आधी. तुमची केंद्रं ३११ ते ३१६ याच आकड्यांनी गेली आहेत, त्यामुळे तिथे जुना आणि नवा एकच. तरीही जोडी टेबल करा, म्हणजे पुढची क्वेरी सगळीकडे सारखी राहते.

उत्पादकांसाठी:

क्रिएट टेंप टेबल जोडी ॲज
सिलेक्ट आ.आयडी ॲज जुना, कोअलेस(उ.आयडी, नेक्स्टव्हॅल('उत्पादक_आयडी_सेक')) ॲज नवा, उ.आयडी इज नॉट नल ॲज आधीच_आहे
फ्रॉम आवक आ लेफ्ट जॉइन उत्पादक उ ऑन (उ.केंद्र_आयडी = आ.केंद्र_आयडी अँड उ.सभासद_क्र = आ.सभासद_क्र);

'नेक्स्टव्हॅल' आधीच मागून घेतल्यामुळे कुठल्या जुन्याला कुठला नवा हे हातात राहतं. इन्सर्ट करून 'रिटर्निंग'ने जुना आयडी मिळवू म्हणाल तर मिळत नाही. तिथे फक्त घातलेल्या टेबलाचे कॉलम येतात, आवक टेबलातले नाहीत. पोस्टग्रेस १७ पासून 'मर्ज'ला रिटर्निंग आलं आहे आणि त्यात स्रोताचे कॉलम घेता येतात, पण तुम्ही १५ वर आहात.

मग ज्यांचं 'आधीच_आहे' फॉल्स आहे तेवढेच उत्पादक नव्या आयडीने घाला. त्यानंतर मुलांची टेबलं (ज्यांत उत्पादक_आयडी येतो ती): प्रत्येक ठिकाणी जोडीला जॉइन करून जुन्याऐवजी नवा. आयडी कॉलम 'जनरेटेड ऑल्वेज ॲज आयडेंटिटी' असेल तर इन्सर्टमध्ये 'ओव्हररायडिंग सिस्टिम व्हॅल्यू' लिहावं लागेल. 'कॉपी'ला ते लागत नाही, ती दिलेला आकडा घालतेच.

ओळख पटवायला मोबाइल नंबर वापरू नका. एकाच घरातल्या तीन खात्यांना एकच मोबाइल असतो. मग जॉइनमध्ये एका रोच्या तीन होतात आणि 'जोडी' टेबलातच डुप्लिकेट तयार होतात. जोडी झाली की लगेच तपासा: तिची मोजणी आवकएवढीच आली पाहिजे, आणि 'जुना'वर ग्रुप बाय करून १ पेक्षा जास्त काही येता कामा नये.

---

पाटीपेन्सिल

एवढं करण्यापेक्षा टेस्टच्या सगळ्या आयडींमध्ये सरसकट १ कोटी मिळवले तर? आई-मुलं दोन्हींत सारखीच बेरीज, नातं तुटत नाही.

---

मोडीवाचक

एकदाच न्यायचं असेल तर चालतं, आणि पटकन होतं. दोन अडचणी आहेत. नंतर सेटव्हॅल केलं तर पुढचे सगळे नंबर १ कोटीच्या पुढे सुरू होतात. पावतीवर उत्पादक क्रमांक छापत असाल तर ८ आकडी होतो. सेटव्हॅल नाही केलं तर सिक्वेन्स जुन्या पट्ट्यात चालत राहतो आणि काही वर्षांनी, कुणाच्या लक्षात नसताना, त्या पट्ट्याला येऊन धडकतो. कॉलम 'इंटिजर' असेल तर कमाल २,१४,७४,८३,६४७. १ कोटी मिळवून सहज भागतं, पण दर वेळी नवा पट्टा घेत गेलात तर ही मर्यादा डोक्यात ठेवा.

---

निळा_डबा

मायएसक्यूएलवाल्यांसाठी लिहून ठेवतो, कारण वरचा सिक्वेन्सचा भाग तिथे लागू नाही. इनोडीबीत (मायएसक्यूएलच्या नेहमीच्या स्टोरेज इंजिनात) आयडी हाताने घातला आणि तो काउंटरपेक्षा मोठा असला की ऑटो_इन्क्रिमेंट स्वतःच पुढे सरकतो. त्यामुळे १०६२ (तिथली डुप्लिकेट कीची एरर) आली तर ती बहुतेक वेळा वैनगंगाताई म्हणतात तशी खरी टक्कर असते.

तिथले धोके वेगळे आहेत. 'रिप्लेस इंटू' म्हणजे अपडेट नव्हे. ते जुनी रो डिलीट करतं आणि नवी घालतं. मुलांच्या टेबलावर 'ऑन डिलीट कॅस्केड' असेल तर त्या उत्पादकाचं सगळं संकलन उडतं. 'इन्सर्ट इग्नोर' फक्त डुप्लिकेट गाळत नाही, न मावणारा मजकूर कापतं, चुकीच्या किमती जवळच्या किमतीवर ओढतं, आणि या सगळ्याच्या नुसत्या वॉर्निंग करून पुढे जातं. अपडेटच हवं असेल तर 'इन्सर्ट ... ऑन डुप्लिकेट की अपडेट'.

आणि ही गोष्ट ठळक अक्षरांत: मायएसक्यूएलडंपच्या फाइलमध्ये डीफॉल्टने 'ड्रॉप टेबल इफ एक्झिस्ट्स' असतं. '--व्हेअर' लावून ९०० रो काढल्या आणि फाइल प्रॉडक्शनवर चालवली तर आधी पूर्ण टेबल जातं आणि मग ९०० रो येतात. '--नो-क्रिएट-इन्फो' लावल्याशिवाय फाइल काढायची नाही. लावल्यावरही फाइल उघडून पहिल्या ५० ओळी वाचायच्या. तिथे 'युनिक_चेक्स=०' दिसेल. त्यामुळे इनोडीबीला दुय्यम युनिक इंडेक्सची तपासणी टाळायची मुभा मिळते. आधीच भरलेल्या टेबलात भर घालताना ती ओळ काढून टाका.

---

खडीसाखर

मोडीवाचक, सभासद क्रमांक केंद्रापुरताच युनिक असतो, म्हणून केंद्र + सभासद ही जोडी बरोबर. पण केंद्राची ओळख कशाने पटवायची? बरेच जण गावाच्या नावाने करतात.

---

मोडीवाचक

गावाच्या नावाने कधीच नको. महाराष्ट्रात वडगाव किती आहेत ते मोजायला बसलात तर दुपारचं जेवण राहील. वडगाव मावळ, वडगाव बुद्रुक, वडगाव शेरी हे एकट्या पुणे जिल्ह्यातले, पेठ वडगाव कोल्हापूरकडे. पिंपळगावांचं, निमगावांचं तेच. गाव + तालुका घेतलं तरी बुद्रुक-खुर्द कधी लिहिलेलं असतं, कधी नसतं. पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे, तो कॉलम ठेवा. एका गावात दोन केंद्रं असतील तर त्याला तुमचा अनुक्रम जोडा.

---

खडीसाखर

आमच्याकडे बुद्रुकवाले खुर्दवाल्यांना धाकटे म्हणतात. डेटाबेसलाही ते समजलं असतं तर किती बरं झालं असतं. :)

---

अनुस्वार

नावांचा विषय निघालाच आहे, तर देवनागरीतल्या टक्करींबद्दल लिहितो. मराठी डेटा पोस्टग्रेसवरून मायएसक्यूएलवर नेणाऱ्यांना ही एरर हमखास भेटते.

'कऱ्हाड' हा शब्द तीन प्रकारे साठवलेला सापडतो. एकात 'ऱ' हे एकच अक्षरचिन्ह असतं, यू+०९३१. दुसऱ्यात साधा 'र' आणि वेगळा नुक्ता, यू+०९३० आणि यू+०९३सी. तिसऱ्यात र, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे, यू+२००डी. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, कुठल्या कीबोर्डवरून टाइप केलं त्यावर प्रकार ठरतो. पोस्टग्रेसच्या नेहमीच्या कोलेशनला (मजकूर जुळवायच्या नियमांना) बाइट वेगळे म्हणजे किंमत वेगळी, म्हणून युनिक इंडेक्स तिन्ही आत घेतो. मायएसक्यूएल ८ चं डीफॉल्ट 'यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय' नुक्ता आणि झेडडब्ल्यूजे दोन्ही मोजत नाही, म्हणून तिन्ही एकच धरतं आणि १०६२ देतं. फाइलमध्ये डोळ्यांनी शोधून डुप्लिकेट दिसणारच नाही.

न्यायच्या आधी पोस्टग्रेसवरच साफ करा. १३ पासून 'नॉर्मलाइझ(नाव, एनएफसी)' आहे. त्याने पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा होत नाही, त्यासाठी वेगळा रिप्लेस लिहावा लागतो. तसंच 'ॲ' (यू+०९७२) आणि 'अ' ला चंद्र जोडून केलेला 'अॅ' यांना युनिकोड समान मानत नाही, नॉर्मलाइझने ते एक होणार नाहीत. 'ॲड.' लावलेल्या नावांत हे खूप असतं. सरसकट एक रूप ठरवून बदला. बदलताना पोस्टग्रेसच्याच युनिक इंडेक्सवर २३५०५ आली तर घाबरू नका. ते आजवर लपलेले खरे डुप्लिकेट आहेत.

शेवटच्या स्पेसचंही असंच. शेवटी स्पेस असलेलं आणि नसलेलं पोस्टग्रेसच्या 'टेक्स्ट'मध्ये वेगळं. एसक्यूएल सर्व्हरला ते एकच, मायएसक्यूएलच्या जुन्या 'जनरल_सीआय'लाही एकच, '०९००' कोलेशनना वेगळं.

---

सुपारी

हा प्रतिसाद जपून ठेवतो. नावात 'ऱ्हे' असणाऱ्या सगळ्यांतर्फे आभार.

---

दगडीपाटा

एसक्यूएल सर्व्हरचं थोडक्यात. २६२७ म्हणजे प्रायमरी की किंवा युनिक कन्स्ट्रेंट मोडला, २६०१ म्हणजे नुसता युनिक इंडेक्स. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलमधून येताना सर्वांत जास्त अडतं ते नलवर. तिकडे युनिक कॉलममध्ये कितीही नल चालतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये एकच. पॅन नंबर नसलेले दोन उत्पादक आले की दुसऱ्याला एरर. उपाय म्हणजे 'व्हेअर पॅन इज नॉट नल' असा फिल्टर्ड युनिक इंडेक्स. जुने-नवे आयडी जोडायला 'मर्ज ... ऑन १=०' आणि 'आउटपुट' वापरा, त्यात स्रोताचा आयडी मिळतो.

---

पाटीपेन्सिल

मोंगोडीबीतही डुप्लिकेट कीचा ई११००० असाच येतो. युनिक इंडेक्सवाली फील्ड डॉक्युमेंटमध्ये नसेल तर ती नल धरली जाते, दुसऱ्या डॉक्युमेंटला टक्कर. तिथे पार्शल इंडेक्स लागतो. आणि मोंगोरिस्टोर फक्त इन्सर्ट करतं, असलेलं डॉक्युमेंट बदलत नाही, हे बऱ्याच जणांना अपेक्षित नसतं.

---

रात्रपाळी

संकलनाचं टेबलही कधीतरी नेणार असाल, तर वेळेचा एक सापळा आधीच सांगतो. युनिक की बहुधा (उत्पादक, दिनांक, पाळी) अशी असते. दिनांक जर नेताना 'संकलन_वेळ'वरून काढला आणि त्या सेशनचा टाइमझोन यूटीसी असला, तर पहाटे ५:३० च्या आधीचं सगळं आदल्या दिवशी जातं. ११ तारखेला सकाळी ५:४५ ला घातलेलं दूध यूटीसीत ११ चंच, ००:१५. १२ तारखेला ५:१० ला घातलेलं यूटीसीत ११ च्या २३:४० चं. दोन्ही 'सकाळ' पाळी, दोन्ही ११ तारीख, डुप्लिकेट. संध्याकाळच्या पाळीला कधीच येत नाही आणि सकाळच्या काहीच उत्पादकांना येते, हे याचं लक्षण. 'ॲट टाइम झोन 'एशिया/कोलकाता'' लावून मगच डेट काढा.

---

चहाटपरी

लॅपटॉपवर चालतं आणि सर्व्हरवर नाही, याचं निम्मं उत्तर नेहमी टाइमझोनच असतं!

---

वैनगंगा

उलट दिशेचंही बोलू. प्रॉडक्शनवरून टेस्टवर आणताना नाव, मोबाइल, खातं झाकावंच लागतं, डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ चा आहे आणि त्याच्याही आधी ती साधी जबाबदारी आहे. पण झाकताना सगळ्यांना एकच ईमेल दिला की दुसऱ्या रोलाच डुप्लिकेट की. मोबाइलचे शेवटचे चार आकडे ठेवून बाकी शून्य केले तर जास्तीत जास्त १०,००० वेगळ्या किमती शक्य आहेत, टक्कर होणारच. आयडीवरून बनवा: 'उत्पादक' + आयडी + 'ॲट एक्झाम्पल डॉट कॉम'. एक्झाम्पल डॉट कॉम हे नाव उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे, त्यामुळे चुकून मेल सुटला तरी कुणाच्या दारात जात नाही.

---

बोरूबहाद्दर

जँगो (पायथनचं वेब-फ्रेमवर्क) वापरणाऱ्यांसाठी. 'डंपडेटा / लोडडेटा'त सर्वांत जास्त एरर 'कन्टेंटटाइप्स' आणि 'ऑथ.परमिशन'वर येते, कारण नव्या डेटाबेसवर 'मायग्रेट' चालवतानाच ती टेबलं भरली जातात, वेगळ्या आयडीने. डंप काढतानाच दोन्ही '--एक्सक्लूड' करा आणि '--नॅचरल-फॉरेन' लावा. पोस्ट_सेव्ह सिग्नलमध्ये युजरबरोबर प्रोफाइल बनत असेल तर लोडडेटा युजर घालतो तेव्हा सिग्नल प्रोफाइल बनवतो, आणि मग फाइलमधली प्रोफाइल येऊन आदळते. सिग्नलला 'रॉ' हा आर्ग्युमेंट मिळतो, तो ट्रू असेल तर तिथून परत फिरायचं.

लोडडेटा शेवटी सिक्वेन्स स्वतः सरकवतो. हाताने इन्सर्ट केलं असेल तर 'एसक्यूएलसिक्वेन्सरीसेट' कमांड दिलेल्या ॲपच्या सगळ्या टेबलांच्या सेटव्हॅल ओळी छापून देते. आणि ध्यानात ठेवा, आयडी आधीच असेल तर लोडडेटा एरर देत नाही, सरळ वरून लिहितो. वैनगंगाताईंच्या ५०१२ चं काय होईल ते समजून घ्या.

---

टेबलफॅन

हे सगळं वाचून एकच प्रश्न: सुरुवातीपासून यूयूआयडी (कुठेही बनवला तरी वेगळाच येणारा लांब आयडी) का नाही? दोन ठिकाणी एकच आकडा मिळायचा प्रश्नच येत नाही.

---

निळा_डबा

प्रायमरी कीची टक्कर जाते, बाकी सगळं राहतं. सभासद क्रमांक, मोबाइल, दरपत्रकाची की, हे तसेच धडकणार. उलट तोच उत्पादक दोन्हीकडे दोन यूयूआयडींनी असला तर आता एररही येणार नाही. शिवाय १६ बाइट विरुद्ध ४ किंवा ८, आणि इनोडीबीत प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्ये प्रायमरी की जाऊन बसते.

---

टेबलफॅन

जागेचं मान्य. पण आकार हाच आक्षेप असेल तर तो मला पुरेसा वाटत नाही. व्हर्जन ४ पूर्ण यादृच्छिक असल्यामुळे इंडेक्सभर विखुरतं, तेही खरं, पण व्हर्जन ७ वेळेनुसार चढतं. ते २०२४ च्या आरएफसी ९५६२ मध्ये आहे आणि पोस्टग्रेस १८ मध्ये 'यूयूआयडीव्ही७()' आतच मिळतं. नवीन बांधणाऱ्याने तेच घ्यावं, यावर मी ठाम आहे. कोयनाकाठांच्या चालू टेबलांना ते आज उपयोगाचं नाही, हेही खरं.

---

गाळणी

एक वेगळाच प्रकार राहिला. पूर्ण डंप रिकाम्या डेटाबेसवर रिस्टोर करतानाही डुप्लिकेट येते: 'कुड नॉट क्रिएट युनिक इंडेक्स'. रिकाम्यावर कशी, हा प्रश्न पडतो. पीजी_डंप आधी डेटा भरतो आणि इंडेक्स नंतर बांधतो. म्हणजे डुप्लिकेट स्रोतातच होते. युनिक इंडेक्स असूनही ते शिरले, कारण तो इंडेक्सच बिघडलेला.

नेहमीचं कारण ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी, मजकुराचा क्रम तिच्यावरून ठरतो). २०१८ च्या २.२८ आवृत्तीत मजकुराचा क्रम मोठ्या प्रमाणात बदलला. डेबियन ९ वरून १० वर किंवा रेड हॅट ७ वरून ८ वर डेटाची डिरेक्टरी जशीच्या तशी उचलून नेली, की जुन्या क्रमाने बांधलेल्या इंडेक्सवर नव्या क्रमाने शोध होतो. असलेली किंमत सापडत नाही आणि दुसरी आत जाते. फक्त टेक्स्ट कॉलमांना होतं, आकड्यांना नाही. 'ॲमचेक' एक्स्टेन्शनच्या 'बीटी_इंडेक्स_चेक'ने तपासा. डुप्लिकेट शोधताना 'इनेबल_इंडेक्सस्कॅन', 'इनेबल_इंडेक्सओन्लीस्कॅन' आणि 'इनेबल_बिटमॅपस्कॅन' तिन्ही ऑफ करा, नाहीतर क्वेरी त्याच बिघडलेल्या इंडेक्सवरून खोटं उत्तर देईल. डुप्लिकेट काढा, मग रीइंडेक्स. आधी रीइंडेक्स केलं तर तीच एरर येते.

---

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वैनगंगाताईंची क्वेरी चालवली. ५०१२ पासून पुढे २१८ आयडी दोन्हीकडे आहेत आणि एकही नाव जुळत नाही. म्हणजे आकडा एक, माणसं दोन, असंच आहे. जोडी टेबलाने उत्पादक रोलबॅकच्या तालमीत बरोबर गेले, मोजण्या जुळल्या.

आता दरपत्रक अडलंय. की आहे (केंद्र, जनावर, फॅट, एसएनएफ, लागू_दिनांक). एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले घन घटक. एरर फॅट ३.५, एसएनएफ ८.५ वर येते. फाइलमध्ये ग्रुप बाय करून पाहिलं, एकही डुप्लिकेट नाही. प्रॉडक्शनवर या केंद्रांचं दरपत्रकच नाही. मग टक्कर कुणाशी?

---

रात्रपाळी

फाइलमधल्याच दुसऱ्या रोशी. दोन्हीकडे '\डी दरपत्रक' करून फॅट कॉलमचा प्रकार बघा. टेस्टवर 'न्यूमेरिक(४,२)' आणि प्रॉडक्शनवर 'न्यूमेरिक(३,१)' असणार. टेस्टवर कुणीतरी ०.०५ च्या पायरीने दर भरलेत. आत जाताना ३.४५ चं गोल होऊन ३.५ होतं, आणि ३.५० तर ३.५ आहेच. पोस्टग्रेस जास्तीचे दशांश न सांगता गोल करतो, त्यावर एरर देत नाही.

तात्पुरतं टेबल प्रॉडक्शनच्या 'लाइक'ने केलं तर तिथेच गोल होतं, म्हणून दरपत्रकासाठी आवक टेबल टेस्टच्या प्रकारांनी बनवा आणि मग 'राउंड(फॅट,१)'वर ग्रुप बाय करा. सगळ्या जोड्या दिसतील.

---

खडीसाखर

आणि इथे कुठला दर ठेवायचा हे डेटाबेसवाल्याने ठरवू नये. ३.४५ चा दर ३.५ च्या आधाराच्या दरापेक्षा कमीच असणार. चुकून तो राहिला तर ३.५ / ८.५ लागणाऱ्या प्रत्येक उत्पादकाला रोज कमी पैसे जातील. प्रॉडक्शनचा कॉलम (४,२) करायचा की ०.०५ च्या पायऱ्या वगळायच्या, हे दर ठरवणाऱ्यांना विचारा.

---

कोयनाकाठ

अगदी तसंच निघालं, प्रकार (४,२) आणि (३,१). दराचा निर्णय विचारून घेतो. शेवटचे दोन प्रश्न: सगळं झाल्यावर उत्पादकांसाठी सेटव्हॅल लागेल का? आणि मधेच एरर आली तर अर्धवट राहू नये यासाठी काय?

---

मोडीवाचक

उत्पादकांना नाही, कारण नवे आकडे नेक्स्टव्हॅलनेच घेतलेत, सिक्वेन्स आपोआप पुढे आहे. केंद्रांना लागेल, ते मूळ आयडीने गेलेत. दरपत्रकाला स्वतःचा आयडी असेल तर फाइलमधला तो कॉलम गाळा, प्रॉडक्शन नवा देईल. त्याची कुठे फॉरेन की नाही ना, तेवढं बघून घ्या.

अर्धवटसाठी: पीएसक्यूएल डीफॉल्टने एरर आली तरी पुढची ओळ चालवत राहतो. 'पीएसक्यूएल -१ -व्ही ऑन_एरर_स्टॉप=१ -एफ फाइल.एसक्यूएल' असं चालवा. सेटव्हॅल त्या फाइलमध्ये ठेवू नका, ते रोलबॅकने मागे येत नाही. कमिट झाल्यावर वेगळं चालवा. आणि वेळ दुपारची घ्या, सकाळचं संकलन उरकल्यावर आणि संध्याकाळचं सुरू होण्याआधी.